ताग, ऐन आणि जाळे : रत्नागिरी किनाऱ्यावरील हातसुताचा इतिहास

कोकणातील हातसुताचा विषय निघाला की लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा चरख्याकडे आणि खादीकडे वळते. रत्नागिरी जिल्ह्यापुरती मात्र ही दृष्टी अपुरी पडते. जांभ्या दगडावरची उथळ माती, चार महिने कोसळणारा पाऊस आणि एरवीही दमट राहणारी हवा यांमुळे कापसाचे पीक या जिल्ह्यात रुजले नाही, आणि दाभोळ, राजापूर यांसारख्या जुन्या बंदरांतून जे कापड समुद्रापार जात असे त्याचा मोठा भाग घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर लादून खाली आणलेला असे. असे असूनही हाताने सूत कातण्याची आणि ते झाडाच्या सालीत रंगवण्याची परंपरा या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आली होती. तिचे सूत तागाचे होते, रंग ऐनाच्या सालीचा होता आणि त्यातून जे तयार होई ते वस्त्र नसून मासेमारीचे जाळे होते. हा उद्योग घराच्या पडवीत चालत असल्यामुळे आणि त्यातील बराचसा माल करणाऱ्याच्याच घरी वापरला जात असल्यामुळे बाजाराच्या नोंदींत तो फारसा उतरला नाही. पण जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात त्याला मिळालेली जागा त्याच्या योग्यतेपेक्षा फारच लहान आहे.

येथे ताग म्हणजे बंगालमध्ये होणारे व पोत्यांसाठी वापरले जाणारे ज्यूट नव्हे. शास्त्रीय परिभाषेत क्रोटॅलेरिया जुन्सिया या नावाने ओळखले जाणारे, पिवळ्या फुलांचे, शेंगा धरणारे हे झाड असून त्याला सण असेही म्हणतात. भात कापून झाल्यावर खाचरात जी ओल शिल्लक राहते तिच्यावर हे पीक घेता येई, आणि द्विदल वर्गातले असल्याने ते जमिनीचा कसही राखी. दोऱ्यासाठी पेरायचा ताग मुद्दाम दाट पेरावा लागतो, कारण विरळ पेरला तर त्याला फांद्या फुटतात आणि फांदीच्या प्रत्येक सांध्याशी तंतू तुटतो. दाट पेरलेला ताग मात्र काठीसारखा सरळ वाढतो. शेंगा धरू लागल्या की तो कापून, पेंढ्या बांधून, पाण्यात कुजत घालतात. काही दिवसांत साल आणि आतील काटकी यांना जोडणारा चिकट भाग सुटतो व साल हाताने सोलून निघते. हे दिवस मोजण्यापेक्षा ओळखावे लागतात, कारण पेंढी लवकर काढली तर तंतूला काटकीचे तुकडे चिकटून राहतात आणि उशिरा काढली तर तंतूच कमजोर होतो. सोललेली साल धुऊन, आपटून, वाळवल्यावर जो लांब, फिकट, किंचित चमकदार तंतू हाती येतो त्याला वाख म्हणतात, आणि जाळ्याचे सूत याच वाखाचे.

या मालाची किंमत दूरवर ओळखली गेली होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या आरमाराची दोरखंडे मुख्यतः रशियातून येणाऱ्या हेम्पवर अवलंबून होती. क्रिमियाचे युद्ध पेटल्यावर तो पुरवठा धोक्यात आला आणि हिंदुस्थानातील तंतुवनस्पतींचा शोध नव्याने घेतला जाऊ लागला. जॉन फॉर्ब्स रॉइल यांचा या विषयावरील ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच पार्श्वभूमीवर. पुढे लंडनच्या व्यापारात हिंदी तागाच्या ज्या प्रती नावाने चालत त्यांत देवगडी अशीही एक प्रत होती. देवगड बंदर त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. परदेशी व्यापाऱ्याने ज्या मालाला प्रत ठरवून दिली, तोच माल किनाऱ्यावरच्या खारवी, गाबीत, भोई, कोळी आणि दालदी कुटुंबांच्या घरात कातला जाई, आणि त्या कातण्याची दखल घेण्याचे कोणाला कारण पडले नाही.

कातण्याचे काम प्रामुख्याने बायकांचे आणि घरातल्या वृद्धांचे होते. वाख विंचरून त्याचे झुबके करायचे, एका झुबक्यातून सारख्या जाडीचे तंतू ओढीत राहायचे, आणि लाकडी टकळीला, म्हणजे खाली वजन असलेल्या फिरत्या चातीला, मांडीवर गती देऊन त्यांना पीळ घालायचा, अशी ही पद्धत होती. असा एक पिळलेला धागा म्हणजे एक पेड. दोन किंवा तीन पेड एकत्र घेऊन त्यांना मूळ पिळाच्या उलट दिशेने वळले की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरा सुटत नाही. हा तपशील साधा वाटला तरी जाळ्याचे सारे बळ त्यात आहे. कापडात एखादा जाड-बारीक धागा शेजारच्या धाग्यांच्या आधाराने खपून जातो. जाळ्यात तसे होत नाही, कारण तेथे प्रत्येक गाठ स्वतःचा भार स्वतः पेलते, आणि सूत एका ठिकाणी कच्चे असेल तर जाळे नेमके तेथेच फाटते. त्यामुळे जाळ्याचे सूत कातणारीला वस्त्राचे सूत कातणारीपेक्षा अधिक समान हात लागत असे. बांगड्यासारख्या माशासाठी बारीक सूत, खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या ओढीत लावायच्या डोल जाळ्यासाठी, म्हणजे पिशवीसारख्या निमुळत्या जाळ्यासाठी, जाड व अधिक पेडांचे सूत, असा भेदही तिला सांभाळावा लागे. त्या सुताचे जाळे विणताना एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंतचे अंतर मापाच्या पट्टीवर धरले जाई. जाळ्याच्या या एका घराला आस म्हणतात आणि कोणता मासा अडकेल व कोणता निसटेल हे त्या आसावरच ठरते. तागाचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो: भिजल्यावर त्याची ताकद कमी न होता वाढते.

मात्र पाण्यात बळकट होणारा हा तंतू पाण्यातच कुजतोही. ताग हा सेल्युलोजचा बनलेला असल्यामुळे उष्ण समुद्रातील सूक्ष्मजीव त्याला खाऊ लागतात, आणि कोरे जाळे हंगामभर टिकणेही कठीण होते. त्यावरचा उपाय म्हणजे ऐनाची साल. ऐन हा सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणच्या मोकळ्या रानात सर्वत्र आढळणारा वृक्ष असून त्याच्या जाड, सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीत टॅनिन भरपूर असते. टॅनिन म्हणजे चामडे कमावताना उपयोगी पडणारे तुरट द्रव्य. ते तंतूवर बसले की सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. साल कुटून मोठ्या भांड्यात उकळायची, काढा गडद झाला की त्यात जाळे बुडवून मुरवायचे आणि मग ते वाळूवर पसरून उन्हात वाळवायचे, असा हा क्रम होता. एका बुडवणीने भागत नसे. नव्या जाळ्याला ती लागोपाठ द्यावी लागे, आणि हंगाम सुरू असताना काढा पाण्याबरोबर निघून जात असल्याने पुन्हा पुन्हा द्यावी लागे. सुरुवातीला फिकट तांबूस दिसणारे सूत दर बुडवणीगणिक तपकिरी होत जाई आणि शेवटी काळपट लाल रंगावर स्थिर होई. लोखंडाच्या भांड्याशी टॅनिनचा संयोग झाला तर काढा काळा पडतो आणि अशा काळ्या रंगाने तंतू कालांतराने ठिसूळ होतो, हे रसायनशास्त्र सांगते.

या रंगामागे शोभेचा हेतू नव्हता, आणि त्यामुळेच रंगकामाच्या इतिहासात त्याचा उल्लेख टाळला गेला असावा. परंतु प्रक्रिया म्हणून पाहिले तर पक्क्या नैसर्गिक रंगाची पहिली पायरी आणि जाळ्याची बुडवणी यांत तत्त्वाचा फरक नाही. सुती कापड रंगवणारे रंगारी आधी हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवतात तेही टॅनिनसाठीच. हे ज्ञान एकट्या कोकणाचेही नव्हते. बंगालचे मच्छीमार गाब नावाच्या तुरट फळाच्या रसात जाळी बुडवीत, अनेक देशांच्या किनाऱ्यांवर कांदळवनाच्या सालीचा वापर होई, आणि ब्रिटनमधील कोळी आपली जाळी व शिडे ज्या काथात उकळीत तो काथ खैराच्या झाडापासून काढलेला, हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून गेलेला असे. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने निरनिराळ्या तंतूंच्या कोऱ्या, साल दिलेल्या आणि डांबर लावलेल्या दोऱ्या ११६ दिवस पाण्यात ठेवून त्यांची ताकद मोजली होती. त्यात कित्येक कोऱ्या दोऱ्या पार कुजल्या, तर साल दिलेल्या तागाने आपल्या बळाचा मोठा भाग राखला. कोकणच्या कोळीवाड्यांनी हा निष्कर्ष रोजच्या व्यवहारात केव्हाच मुरवून घेतलेला होता.

व्यवहाराच्या अंगाने पाहता या उद्योगाचे वेळापत्रक समुद्राने आखून दिले होते. पावसाळ्यात दर्या खवळलेला असताना होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंतचे हे आठवडे म्हणजे कातण्याचे, विणण्याचे व जाळी नीट करण्याचे दिवस असत. ताग पिकवणारा बहुधा आतल्या गावचा शेतकरी आणि कातणारे घर किनाऱ्यावरचे, त्यामुळे वाख आणि साल ही दोन्ही मिळवण्यासाठी मच्छीमाराला शेतकऱ्याशी संबंध जोडावा लागे. रत्नागिरीतील बहुतांश रान सरकारी नसून खासगी मालकीचे असल्याने झाडाची साल हाही मालकाशी ठरवून घेण्याचा विषय होता. होडीच्या खालोखाल जाळे हीच घराची मोठी मालमत्ता असे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे, हे अनेक ठिकाणी घराघरांनी आणलेले तुकडे जोडून तयार होई, आणि ज्याचा तुकडा त्याचा मिळकतीत वाटा असा हिशेब चाले. या व्यवस्थेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे: पावसाळ्यात घरातल्या बाईने कातलेले सूत हे तिच्या घराचे भांडवल होते, आणि पुढच्या हंगामातील वाट्याचा आधार तेच होते. वाटा मात्र पुरुषाच्या नावाने मोजला जाई.

याच काळात जिल्ह्याचे सुताशी दुसरे एक, फार मोठे नाते जडत होते. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढील अर्धशतकात रत्नागिरी हा गिरण्यांना मजूर पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा बनला. तेथे गेलेले लोक मुख्यतः शेतकरी कुटुंबांतले होते, मच्छीमार समाजांतून गेलेले तुलनेने थोडे. तरीही एकाच जिल्ह्याची माणसे गिरणगावात यंत्रावर कापसाचे सूत काढत असताना त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर टकळीवर तागाचे सूत निघत होते. गिरण्यांच्या सुताने विसाव्या शतकात जाळ्यांत शिरकाव केला. बारीक आसाच्या जाळ्यांना तयार सुती दोरा सोयीचा पडू लागला, पण तोही कुजणाराच असल्यामुळे ऐनाची साल कायम राहिली.

खादीची चळवळ या जिल्ह्यात आली तेव्हा तिला हे हातसूत दिसले असे म्हणता येत नाही. गांधीजी १९२७ च्या मार्च महिन्यात रत्नागिरीस आले. ती भेट आज स्थानबद्ध सावरकरांशी झालेल्या भेटीसाठी स्मरणात असली तरी दौऱ्याचा उद्देश खादीचा निधी आणि खादीचा प्रसार हा होता. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी सूतकताईचा पुरस्कार निष्ठेने केला आणि १९४८ मध्ये कणकवलीस गोपुरी आश्रम उभारून सफाई व ग्रामोद्योगांना कायमचे ठिकाण दिले. त्यांच्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. पण चरख्यासाठी पेळू बाहेरून आणावे लागणाऱ्या जिल्ह्यात स्थानिक झाड, स्थानिक तंतू आणि स्थानिक कौशल्य यांवर उभा असलेला कताईचा उद्योग आधीपासून अस्तित्वात होता, आणि त्याचा विचार वस्त्राच्या स्वावलंबनात झाला नाही, कारण त्या सुताने अंग झाकता येत नव्हते.

या उद्योगाचा शेवट परदेशी कापडाने किंवा गिरणीने केला नाही. तो नायलॉनने केला. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निर्माण झालेला हा कृत्रिम धागा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत, यांत्रिक होड्यांच्याच सोबतीने, भारतीय किनाऱ्यावर पोचला. तो कुजत नाही, भिजून जड होत नाही, त्याला साल लागत नाही आणि तो रोज वाळवावाही लागत नाही. इतके गुण एका ठिकाणी मिळाल्यावर कोणा मच्छीमाराने तागाला चिकटून राहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. जाळे उकळण्याचे, वाळवण्याचे आणि सतत सांधण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला होते त्यांनी नायलॉनचे स्वागत केले ते योग्यच होते. मात्र कष्टांबरोबर कातणारीचे भांडवलही गेले, कारण दोरा विकत घ्यायचा झाल्यावर जाळे ही रोख पैशाची आणि उसनवारीची बाब बनली. समुद्रात हरवलेले तागाचे जाळे कुजून जाई. हरवलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे मासे अडकवीत राहते.

मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे येथील धक्क्यांवर फाटलेली जाळी आजही हाताने सांधली जातात आणि आस मापण्याची रीत तीच आहे, परंतु सूत कातणे आणि साल उकळणे या दोन्ही क्रिया थांबल्या आहेत. ऐन रानात आहे. ताग तर शेतातही आहे: हिरवळीचे खत म्हणून त्याचे बियाणे विकले जाते आणि भातापूर्वी ते पेरले जाते. फक्त आता तो फुलोऱ्याच्या सुमारास, तंतूला बळ येण्याआधीच, नांगरून चिखलात गाडतात.