कुबरनेटीस क्लस्टर : सुरू न होणे

कुबरनेटीस ही अनेक संगणकांवर कंटेनर चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली गूगलने २०१४ मध्ये जाहीर केली, १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. येथे विचार मुख्यतः क्यूबएडीएम या साधनाने स्वतः उभारलेल्या क्लस्टरचा आहे.

लक्षण : बहुतेक वेळा क्यूबसीटीएल हे आज्ञा देण्याचे साधन ‘६४४३ पोर्टवर जोडणी नाकारली’ एवढेच सांगते. त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, इतकाच त्याचा अर्थ. एपीआय सर्व्हर, एट्सीडी (क्लस्टरची स्थिती साठवणारा डेटाबेस) हे स्वतःच कंटेनर असतात व त्यांना उठवतो तो क्यूबलेट. म्हणून तपास खालून करावा. आधी जर्नलसीटीएलमध्ये क्यूबलेटच्या नोंदी, मग क्रिकसीटीएलने बंद पडलेले कंटेनर. क्लस्टर उभारण्यापूर्वी क्यूबलेट दर काही सेकंदांनी पडतो-उठतो, तो मात्र बिघाड नव्हे.

कारणे : कंटेनर चालवणारा कंटेनरडी चालू दिसतो, पण डॉकरच्या भांडारातून घेतला असल्यास त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्यूबलेटशी जोडणारे ‘सीआरआय’ प्लगइन बंद असू शकते, ती एक ओळ काढून सेवा पुन्हा सुरू केली की काम भागते. १.२४ आवृत्तीत (२०२२) डॉकरशी जोडणारा डॉकरशिम काढल्यावर जुने क्लस्टर अपग्रेड करणाऱ्यांची बरीच अडचण झाली. क्यूबलेट व कंटेनरडी यांचे सीग्रुप (संसाधन-मर्यादा) ड्रायव्हर वेगळे असले तर कंटेनर उठतात आणि पुन्हा मरतात. हे सर्वांत फसवे. स्वॅप चालू असेल तर मूळ मांडणीत क्यूबलेट सुरूच होत नाही. नव्या आवृत्त्यांत सवलत आहे, ती घ्यावी की नाही याबाबत मतभेद आहेत.

क्यूबएडीएमची प्रमाणपत्रे एक वर्षाने संपतात (मूळ प्रमाणपत्र दहा वर्षांनी). अपग्रेड करताना ती आपोआप नवी होतात, त्यामुळे वर्षभर कोणी हात न लावलेला, ‘उत्तम चाललेला’ क्लस्टरच यात सापडतो. नूतनीकरणानंतर नियंत्रक कंटेनर पुन्हा सुरू करणे अनेकजण विसरतात.

एट्सीडी : बहुमताशिवाय चालत नाही. तीन सदस्यांत एक गेलेला चालतो. दोनांत एकही नाही.

नेटवर्क : नेटवर्क प्लगइन बसवेपर्यंत नोड (क्लस्टरमधील संगणक) ‘नॉटरेडी’, क्लस्टरची डीएनएस सेवा कोअरडीएनएस ‘पेंडिंग’.

व्यवस्थापित सेवा : नियंत्रक नोड सेवादात्याकडे. ग्राहकाच्या वाट्याला कोटा, परवानग्या आणि आयपी पत्त्यांची टंचाई. ॲमेझॉनवर प्रत्येक सबनेटमधील पाच पत्ते राखीव असल्याने /२८ सबनेटच्या १६ पैकी ११च वापरता येतात.