स्पेनचं 'तात्पुरतं' घड्याळ

माद्रिदला आल्यावर पहिला धक्का पोटाला बसतो. हापिसात लंच अडीचला, रात्री साडेनवाच्या आत ताट मिळालं तर नशीब! "स्पॅनिश लोक आळशीच" म्हणून मोकळे होऊ नका मंडळी, घोळ घड्याळात आहे.

ग्रिनिचची रेषा स्पेनमधूनच जाते. म्हणजे वेळ लंडनची हवी, पण आहे बर्लिनची. १६ मार्च १९४० च्या रात्री ११ वाजता फ्रँको सरकारने काटे तासभर पुढे ढकलले. हिटलरला खूश करायला, असं इथे बरेच जण सांगतात. मला नाही पटत, कारण त्या मार्चमध्ये लंडन-पॅरिसची घड्याळंही तासभर पुढेच होती. खरी गंमत आदेशात आहे: नेहमीची वेळ परत कधी आणायची ती तारीख यथावकाश कळवू. ती अजून कळायचीय! (प्रॉडक्शनमधले 'टेंपररी फिक्स' आठवले ना?)

उन्हाळ्यात इथे सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनला. पोट सूर्याचं ऐकतं, शाळेचा गजर मात्र सरकारचा. माझ्या टीममधली एकजण हापिसातून सातला सुटते, तिचं पोर दहाला जेवतं आणि सकाळी पेंगत शाळेत जातं. २०१६ साली पंतप्रधान राहॉय यांनी हापिसं सहाला सोडायची आणि घड्याळ मागे घ्यायची भाषा केली होती. २०१८ मध्ये त्यांचं सरकार गेलं. काटे आहेत तिथेच.