यंत्रभाषेच्या अर्थाचा शोध

परिपत्रकाचे शब्द आणि त्याचा अर्थ यांतील अंतर कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. गणकयंत्रासाठी रचलेल्या भाषांवरही एके काळी हाच प्रसंग ओढवला होता. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्गोल ६०’ या भाषेचे व्याकरण काटेकोर सूत्रांत बांधलेले होते. तिच्या वाक्यांचा अर्थ मात्र साध्या इंग्रजीत सांगितलेला. साहजिकच काही ठिकाणी वाद उरलेच.

या अर्थाला गणिताचा आधार शोधताना पीटर लँडिन यांच्या उपयोगी पडले ते साधन आधुनिक गणकयंत्रांहूनही जुने होते. प्रिन्स्टनचे तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३२ पासून ‘लॅम्डा कलन’ मांडले. फलन रचावे आणि ते कशाला तरी लावावे, एवढाच त्यातील व्यवहार. १९३५ साली क्लीनी व रॉसर या चर्च यांच्याच शिष्यांनी मूळ पद्धतीत विसंगती दाखविली. शिष्य असावेत तर असे! त्यातून सुरक्षित राहिला तो निव्वळ गणनेचा भाग. अल्गोलच्या रचना या कलनात कशा उतरविता येतात, हे लँडिन यांनी १९६५ साली दाखविले.

पण खुद्द या कलनाचा अर्थ काय? त्यात कोणतेही फलन स्वतःलाही लावता येते. म्हणजे वस्तूंचा संच आणि त्यांवरील फलनांचा संच एकमेकांशी जुळावयास हवेत. आणि कँटरच्या सिद्धान्ताप्रमाणे फलने तर नेहमी अधिकच भरतात.

१९६९ च्या शरदात डेना स्कॉट हे ऑक्सफर्डला क्रिस्टोफर स्ट्रेची यांच्यासमवेत काम करीत होते. स्कॉट हेही चर्च यांचेच विद्यार्थी. तरीही या कलनाला गणिती पाया नाही, ते सोडून द्यावे, असे त्यांनी एका निबंधात आग्रहाने प्रतिपादिले. निबंधाची शाई वाळते न वाळते तोच, नोव्हेंबरात, तो पाया त्यांना स्वतःलाच सापडला. सगळी फलने घेऊच नयेत. उत्तराचा कोणताही मर्यादित अंश मिळण्यास प्रश्नाचा मर्यादित अंश ज्यांना पुरतो, तेवढीच घ्यावीत. यंत्राला तरी त्यापलीकडचे कोठे जमते? एवढे बंधन घालताच दोन्ही संच जुळविता आले. १९७१ साली स्कॉट व स्ट्रेची यांनी मिळून यंत्रभाषांच्या गणिती अर्थविचाराची मांडणी प्रसिद्ध केली.

तो नकाराचा निबंध हस्तलिखित रूपाने अभ्यासकांत फिरत राहिला, आणि अखेर १९९३ साली छापला गेला. आम्हांस त्या शोधाइतकाच हा निबंधही मोलाचा वाटतो.