अंडाशयाच्या कर्करोगाचे पूर्वनिदान : सीए-१२५ चाचणीचा इतिहास

अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे पोट फुगणे, भूक मंदावणे अशी सामान्य असल्याने निदानाच्या वेळी रोग बहुधा पसरलेला असतो. म्हणूनच १९८० च्या दशकात सीए-१२५ या रक्तचाचणीचे मोठे स्वागत झाले. मात्र रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांचा १९८३ चा मूळ शोधनिबंध रोगाच्या वाटचालीवर देखरेख ठेवण्याविषयी होता, निरोगी स्त्रियांच्या चाळणी तपासणीविषयी नव्हे. या भेदाकडे पुढे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

या प्रथिनाचे प्रमाण मासिक पाळी, गर्भारपण वा एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते. उलट प्रारंभिक अवस्थेतील अनेक रुग्णांत ते वाढतच नाही. शिवाय संशयाचे निरसन बहुधा शस्त्रक्रियेनेच होते. सुमारे ७८,००० स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चुकीने संशयित ठरलेल्या ३,२८५ स्त्रियांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली. त्यांतील १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. मृत्यू मात्र घटले नाहीत.

ब्रिटनमधील प्रयोग अधिक सावध होता. २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. एका गटात सीए-१२५ च्या एकाच आकड्याऐवजी त्याचा वर्षागणिक बदलता कल पाहिला गेला व गरजेनुसार सोनोग्राफी झाली. २०२१ च्या अंतिम निष्कर्षांनुसार या गटात पहिल्या अवस्थेतील रोग अधिक प्रमाणात सापडला. तरीही मृत्युसंख्येत लक्षणीय फरक पडला नाही. लवकर सापडणे म्हणजे वाचणे, हे गृहीतकच येथे डळमळले. उपचारांच्या देखरेखीसाठी मात्र ही चाचणी आजही वापरात आहे.