मोहर उतरविणारे प्रथिन

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८८२ च्या सुमारास सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे हृदय शरीरापासून अलग करून ते मिठाच्या पाण्यावर किती काळ स्पंदत राहते याचा शोध घेत होते, आणि ते दीर्घकाळ चाललेले पाहून आपले निष्कर्ष त्यांनी प्रसिद्धही केले. परंतु पुढे त्यांच्या ध्यानात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाण्यात तेच मीठ घालून पाहिले तेव्हा हृदय थोड्याच वेळात थांबले, आणि चुन्याचा क्षार किंचित मिसळताच ते पुन्हा आकुंचन पावू लागले. ही सारी हकीकत रिंगर यांनी १८८३ साली आपण होऊन छापली, आणि शोधाइतकाच त्यांचा हा प्रांजळपणा मला वंदनीय वाटतो. हाडांचा आणि दातांचा चुना एवढीच ज्याची प्रतिष्ठा, तो कॅल्शियम जिवंत पेशीला हुकूमही देतो, याची ही पहिली वर्दी होती.

हा हुकूम कसा पोहोचतो, हे उमगण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असते. बाहेरून संदेश आला की पडद्यातील दरवाजे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि कॅल्मोड्युलिन नावाचे एक लहानसे प्रथिन त्याला धरून आपला आकार पालटते. दरम्यान सिएटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास दाखविले होते की प्रथिनावर फॉस्फेटची मोहर उमटली म्हणजे त्याचे काम पालटते, आणि ती मोहर उतरली की ते पूर्ववत होते. मोहर उमटविणाऱ्या विकरांचा बोलबाला पुष्कळ झाला. ती उतरविणारे मात्र बराच काळ उपेक्षित राहिले. पण दप्तरात शिक्का मारणाऱ्याइतकाच शिक्का रद्द करणाराही अधिकारी लागतो, नाहीतर एकदा निघालेले फर्मान कधी संपावयाचेच नाही.

असा एक अधिकारी मेंदूत सापडला, तो मात्र निराळ्याच नावाने. विनिपेग येथील वांग आणि देसाई यांना, आणि बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्लॉड क्ली या विदुषीला व त्यांच्या सहकाऱ्यांना, कॅल्मोड्युलिनला बिलगणारे एक प्रथिन मेंदूच्या अर्कात विपुल आढळले. कॅल्मोड्युलिनला अडवून धरणारा एवढीच त्याची ओळख पटली होती. त्यास दोन घटक होते, एक मोठा आणि एक लहान, आणि लहान घटक कॅल्शियमचे चार कण धरी. क्ली, क्राउच आणि क्रिंक्स यांनी १९७९ साली त्याला ‘कॅल्सिन्यूरिन’ असे नाव दिले, म्हणजे कॅल्शियमचे नाते आणि मज्जासंस्थेतील वस्ती एवढीच त्यात नमूद केली, कारण त्याचा हुद्दा अजून ठाऊक नव्हता. तो १९८२ साली कळला. स्कॉटलंडमधील डंडी येथे फिलिप कोहेन स्नायूंतील फॉस्फेट काढणारे विकर तपासत होते. त्यांपैकी एक कॅल्शियमवाचून कामच करीना, आणि क्ली यांच्या गटासह ताडून पाहता ते मेंदूतील त्या प्रथिनाशी जुळले. आसामी एकच निघाली.

आता या कथेचा तिसरा धागा, आणि तो मला सर्वांत मनोहर वाटतो. बासलच्या सॅन्डोझ कंपनीचे नोकर रजेवर जाताना मातीचे नमुने गोळा करीत. १९६९ साली अशीच नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावरची माती आली, आणि तीतील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले. हार्टमान श्टेहेलिन आणि जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळांत ते रोगप्रतिकारक पेशींना आवरते असे १९७२ साली दिसून आले. केंब्रिजला अवयव-प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद रॉय काल्न यांच्याकडे ते आले, तेव्हा पाण्यात ते विरघळेना. तेथे काम करणाऱ्या अल्किस कोस्टाकिस या ग्रीक तरुणाने आईने घरून पाठविलेल्या ऑलिव्हच्या तेलात ते विरघळवून उंदरांवर प्रयोग केला, आणि परके हृदय त्यांच्या देहात टिकू लागले. पुढे १९७८ साली काल्न यांनी ते मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले. नंतर त्सुकुबा येथील मातीतून जपानी शास्त्रज्ञांनी १९८४ साली टॅक्रोलिमस हे आणखी प्रखर औषध मिळविले.

दोन औषधे, रचना सर्वस्वी भिन्न, प्रत्येकाचे पेशीतील ग्राहक प्रथिनही वेगळे, आणि परिणाम मात्र एकच! १९९१ साली जुन लिऊ, स्टुअर्ट श्रायबर आणि त्यांचे सहकारी यांनी औषध व ग्राहक यांची जोडी जणू गळ म्हणून पेशींच्या अर्कात सोडली. दोन्ही गळांना लागला तो मासा कॅल्सिन्यूरिन. मेंदूचे म्हणून नाव मिळालेले प्रथिन लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींतही तैनात होते. तेथे एनफॅट नावाचे प्रथिन फॉस्फेटच्या मोहरांमुळे केंद्रकाबाहेर अडून असते. कॅल्शियम आले की कॅल्सिन्यूरिन त्या मोहरा उतरविते, एनफॅट केंद्रकात शिरते आणि रोगप्रतिकाराला चेतविणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चे जनुक जागे होते. औषधाची जोडी येऊन वाट अडविते, मोहर तशीच राहते, आणि परके मूत्रपिंड परके आहे ही फिर्याद केंद्रकापर्यंत जातच नाही.

परंतु कॅल्सिन्यूरिन सर्वत्र आहे, ते लिम्फोसाइटांपुरते नाही; म्हणून जे औषध मूत्रपिंड राखते तेच मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळून त्याला अपायही करते, आणि ही गोष्ट काल्न यांच्या पहिल्या रुग्णांतच दिसली होती. मात्रा अत्यंत अरुंद मर्यादेत राखावी लागते. सुरुवातीच्या तेलकट द्रावणासाठी तर काचेचा पेला घ्यावा, प्लॅस्टिकचा नको, अशी सक्त ताकीद असे, कारण औषध प्लॅस्टिकला चिकटून राही. पिऊन झाल्यावर त्याच पेल्यात थोडे दूध फिरवून तेही प्यावे लागे. आजही पुण्यामुंबईत प्रत्यारोपण झालेला रुग्ण तपासणीच्या सकाळी गोळी खिशात ठेवूनच रुग्णालयाच्या बाकावर बसतो, आधी रक्त देतो, आणि मग पाण्याचा घोट घेऊन ती गिळतो.