हॉकी स्टिक : दांडा, डोके आणि निवड

हॉकी स्टिक : चेंडू अडवणे, ढकलणे, उचलणे आणि फटकावणे ही चारही कामे मैदानी हॉकीत ज्या एका साधनाने होतात ते साधन. तिचे मुख्य भाग दोन : हातात धरायचा सरळ दांडा आणि जमिनीलगतचे वळलेले डोके. दांड्याची लांबी, वजन, ताठरपणा व बाक आणि डोक्याची लांबी, वळण व जाडी यांचा मेळ जमला, तरच स्टिक हाताला बसते. हा मेळ आधी मैदान ठरवते, मग खेळाडूची जागा, आणि सर्वांत शेवटी त्याची आवड. दुकानात मात्र बहुतेकदा हा क्रम उलटा होतो. म्हणून नवशिक्याच्या हाती मोठ्या खेळाडूची स्टिक येते आणि तिने साधा चेंडूही थांबवता येत नाही.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि लांबी १०५ सेंटिमीटरपर्यंत असावी लागते. वेष्टनासह ती ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते. डोक्याचा आकार इंग्रजी 'जे' किंवा 'यू' अक्षरासारखा असावा आणि त्याचे वर वळलेले टोक तळापासून १०० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. धातूचा कोणताही भाग चालत नाही. चेंडू खेळायची सपाट बाजू एकच, डावीकडची.

सपाट बाजू खाली करून स्टिक टेबलावर ठेवली, की दांड्याचा काही भाग कमानीसारखा वर उचललेला दिसतो. हाच बाक, खेळाडू त्याला 'बो' म्हणतात. त्याची उंची २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि कमानीचा सर्वांत उंच बिंदू डोक्याच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या आत येऊ नये, असे बंधन आहे. चाचणीत चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या ९८ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, अशीही अट आहे. खेळातला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक असल्याने या मर्यादांमागे सुरक्षिततेचा विचार मोठा आहे.

लाकडी स्टिक : तुती आणि वेत

जुनी इंग्लिश स्टिक ॲशच्या लाकडाची असे आणि तिचे डोके लांबट असे. ॲश चिवट असते, पण फार लहान वळणात वाकवताना त्याचे तंतू तडकतात. भारतीय उपखंडात तुतीचे लाकूड वापरात आले आणि ही अडचण सुटली. वाफ दिलेली तुती घट्ट वळते आणि तिचे तंतू वळणाबरोबर सलग राहतात. डोके कापून काढले असते तर तंतू आडवे तुटले असते आणि पहिल्याच जोरदार फटक्याला टोक उडाले असते. तंतूंची रेष टोकापर्यंत वळत गेलेली दिसते का, हे पाहणे ही लाकडी स्टिक पारखण्याची पहिली खूण आहे. मध्येच एखादी रेष कडेला फुटून बाहेर पडत असेल, तर ती स्टिक तिथेच तुटणार असे समजावे.

दांड्याचे काम वेगळे आहे. त्यासाठी वेताच्या पट्ट्या एकत्र चिकटवतात आणि त्यांच्यामध्ये रबराचे पातळ थर घालतात. वेत लवतो, रबर हादरा गिळते, आणि टणक चेंडूचा धक्का मनगटात झिणझिण्या आणत नाही. दांड्याचे खालचे टोक पाचरीसारखे निमुळते करून डोक्याच्या लाकडात कापलेल्या खाचेत बसवतात, सरस लावतात आणि वरून सुताचा वेढा घट्ट आवळतात. लाकडी स्टिकचा प्राण या जोडात असतो. जोड खोलवर उतरलेला असेल तर दांडा आणि डोके एकजीव होऊन काम करतात. तो उथळ असेल तर फटक्याच्या वेळी हाताला पोकळपणा जाणवतो आणि काही दिवसांत सरसाची रेघ उघडी पडते. कारखान्यात तयार झालेल्या दोन लाकडी स्टिक एकाच मापाच्या असल्या, तरी हाताला सारख्या लागत नाहीत. म्हणून जाणते खेळाडू अनेक स्टिक हातात घेऊन, जमिनीवर टेकवून, तोल पाहूनच एक उचलत.

फाळणीपूर्वी या कारागिरीचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तिथले अनेक कारागीर व व्यापारी जालंधर आणि मेरठ येथे आले आणि भारतातील स्टिकचा धंदा या दोन शहरांभोवती उभा राहिला. सियालकोटची परंपरा पाकिस्तानात चालू राहिली. जालंधरच्या 'व्हॅम्पायर' आणि 'रक्षक' या नावांच्या स्टिक भारतातील दोन-तीन पिढ्यांनी वापरल्या आहेत.

लाकडी स्टिकच्या काळातले हॉकीपटू ध्यानचंद यांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक असल्याच्या संशयावरून ती तोडून पाहिल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहावे.

डोक्याचे प्रकार

लांब डोके गवतावर चेंडू अडवायला सोयीचे, पण उलट्या बाजूने खेळताना ते जड जाते. चेंडूच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे स्टिक झटकन फिरवायची, तर डोके आखूड हवे. भारतीय ड्रिब्लिंगची सारी मदार या फिरवण्यावर होती. आखूड डोके जगभर पसरण्याचे श्रेय सहसा उपखंडातील खेळाडू व कारागीर यांना दिले जाते.

आज बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. 'शॉर्टी' सर्वांत आखूड. पुढे खेळणाऱ्या, सतत चेंडू नाचवणाऱ्या खेळाडूंसाठी. 'मिडी' मध्यम, नवशिक्यापासून मधल्या फळीपर्यंत कोणालाही चालेल अशी आणि म्हणून सर्वाधिक खपाची. 'मॅक्सी' थोडी मोठी; तिचा आघाताचा भाग रुंद असल्याने बचावपटूला फटका मारणे आणि चेंडू अडवणे सोपे जाते. चौथा 'हुक'. त्याचे टोक जास्त वर वळलेले असते, त्यामुळे स्टिक आडवी टाकून चेंडू थांबवताना तो निसटत नाही. १९८० च्या दशकात टून कूलन या डच गृहस्थांच्या कल्पनेतून लाकडाचे पातळ थर चिकटवून घडवलेला हुक पुढे आला. कृत्रिम पृष्ठभागावर पेनल्टी कॉर्नरचा चेंडू थांबवणाऱ्याला त्याचा विशेष उपयोग झाला.

गोलरक्षकाची स्टिक : हलकी, अनेकदा दांड्याला मुरड दिलेली.

डावखुऱ्यांची स्टिक : नियमात नाही. सर्वांना एकाच बाजूने खेळावे लागते.

कृत्रिम मैदान आणि मिश्र तंतू

१९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला, तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर झाली आणि भारत सातव्या स्थानावर राहिला. त्या घसरणीला कारणे अनेक आहेत, पण साधनांच्या दृष्टीने तो दुवा महत्त्वाचा आहे. पाणी मारलेल्या सपाट मैदानावर चेंडू उसळत नाही, वेगाने घसरत येतो. नाजूक ड्रिब्लिंगपेक्षा लांब पास आणि जोरदार फटका यांची किंमत वाढली. शिवाय ओल्या मैदानावर लाकूड पाणी पिते, जड होते आणि जोड सैल पडतो.

१९९० च्या दशकापासून कार्बन, काचतंतू आणि ॲरामिड यांच्या स्टिकनी लाकडाची जागा घेतली. त्यांत दांडा व डोके एकाच साच्यातून सलग निघतात. जोड उरतच नाही. कार्बनचे प्रमाण जितके जास्त, तितकी स्टिक ताठर आणि फटका जोरकस. पण चेंडू अडवताना तो उडण्याची शक्यताही तितकीच जास्त. काचतंतूचे प्रमाण वाढले की स्पर्श मऊ होतो. शिकणाऱ्याने कमी कार्बनपासून सुरुवात करणे बरे.

ड्रॅग फ्लिकमुळे बाकाला महत्त्व आले. या फ्लिकमध्ये चेंडू आधी दांड्याच्या कमानीत बसवून ओढतात आणि मग डोक्यावरून भिरकावतात. कमान जितकी खाली, तितका चेंडू दांड्यावर जास्त वेळ टिकतो. पाकिस्तानच्या सोहेल अब्बास यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांत केलेल्या ३४८ गोलांत या कौशल्याचा वाटा फार मोठा होता. पण खालच्या बाकाच्या स्टिकने साधा फटका मारला तर चेंडू नकळत हवेत उठतो. फ्लिक मारणे ज्याचे काम नाही, त्याने मधल्या बाकाची स्टिक घ्यावी.

लांबीसाठी सोपा ठोकताळा असा : स्टिक शरीरालगत उभी धरली की तिचे वरचे टोक कमरेच्या हाडापाशी यावे. प्रौढांच्या बहुतेक स्टिक साडेछत्तीस किंवा साडेसदतीस इंची असतात.

बर्फावरील हॉकी

बर्फावरील हॉकीत दांडा आणि पाते वेगवेगळे विकत घेऊन जोडण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. पोकळ दांड्यात पात्याचा खुंट उष्णतेने मऊ झालेल्या गोंदाने बसवतात. पाते मोडले तर तेवढेच बदलता येते. या खेळातले नामवंत खेळाडू वेन ग्रेट्झकी यांनी ॲल्युमिनियमच्या दांड्यात लाकडी पाते बसवलेली स्टिक अनेक वर्षे वापरली. दांड्याची लवचीकता आकड्यात सांगतात : दांडा एक इंच वाकवायला जितके पौंड बळ लागेल, तो आकडा. पाते डावे-उजवे असते, त्यामुळे डावखुऱ्यांची सोय होते. आता एकसंध मिश्र तंतूंच्या स्टिकचे प्राबल्य आहे. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये रुजला.

महाराष्ट्र : खडकी

पुण्याजवळच्या खडकीत लष्करी तळ आणि दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) यांच्या आसपास हॉकी वाढली. हॉकीपटू धनराज पिल्ले (जन्म १६ जुलै १९६८) यांचे वडील आयुध निर्माणीच्या मैदानाची देखभाल करीत. धनराज आणि त्यांचे भाऊ वसाहतीतल्या मऊ, चिखलट जमिनीवर मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळले. अशा जमिनीवर चेंडू सरळ येत नाही. तो अडखळतो, उडी घेतो, आणि हाताला क्षणात जुळवून घ्यावे लागते. धनराज यांच्या पुढच्या काळातील वेगवान, वळणे घेत जाणाऱ्या धावांचे मूळ या सरावात शोधणे योग्य ठरेल. ते १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळले आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले.

मुंबईत चर्चगेटजवळचे महिंद्र स्टेडियम आणि पिंपरीच्या नेहरूनगरातील मेजर ध्यानचंद मैदान येथे पृष्ठभाग कृत्रिम आहे. मुरमावर शिकून अशा मैदानावर जाणाऱ्या मुलाला स्टिकही बदलावी लागते. मुरमावर मिश्र तंतूंच्या महाग स्टिकचे टोक खरवडून निघते आणि एकदा थर सुटू लागला की दुरुस्ती अवघड असते. लाकडी स्टिकला पट्टी, सरस आणि सुताचा नवा वेढा देऊन ती आणखी काही काळ चालवता येते. त्यामुळे खडबडीत मैदानावर शिकणाऱ्यांसाठी लाकूड आजही शहाणपणाची निवड आहे, आणि शाळांच्या खरेदीत त्याला जागा राहावी.

आदिलाबाद आणि सीमाभाग

लाकडी स्टिक जवळच्या लाकडातून घडवता येईल का, हे सीमाभागाच्या उदाहरणावरून पाहता येते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडला लागून असलेला तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा सागाच्या जंगलांसाठी आणि कापसाच्या काळ्या जमिनीसाठी ओळखला जातो. २०१६ च्या विभाजनापूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळची लाकडी खेळणी पोनिकी या पांढऱ्या, हलक्या लाकडाची असतात. कोरायला ते उत्तम, पण टणक चेंडूचा मार त्याला सोसत नाही. साग ऊनपाण्याला टिकतो, मात्र आघात झेलण्यात तो ॲश आणि तुतीच्या मागे पडतो. शेजारच्या मराठवाड्यात रेशीमकिड्यांसाठी तुती लावतात, पण पाल्यासाठी ती सतत छाटून झुडपासारखी ठेवली जाते. स्टिकला लागणारे जाड, सरळ खोड त्यातून मिळत नाही. त्यामुळे या भागात स्टिक बाहेरूनच येते.

काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर मुरूम टाकून केलेल्या मैदानासाठी मिडी डोक्याची, मधल्या बाकाची, वेताच्या दांड्याची स्टिक घ्यावी. खेळून आल्यावर माती पुसून ती सावलीत वाळवावी, उघड्या लाकडाला अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात द्यावा आणि टोकाला पट्टी पहिल्याच दिवशी गुंडाळावी.