हिंदनगरचे दोन दरवाजे

आमच्या तात्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जाडजूड कोट होता. उन्हाळ्यात ट्रंका गच्चीवर निघाल्या की मी तो अंगात घालून मिरवायचो. घरात त्याला सगळे ‘कोरियाचा कोट’ म्हणत. तात्या माझे चुलते. पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या, म्हणजे मूळच्या तिसऱ्या मराठा बटालियनमध्ये ते नाईक होते. 1953 च्या पावसाळ्यात पलटण कोरियाला गेली. लढायला नव्हे. लढाई थांबली होती, आणि थांबलेल्या लढाईची राखण करायची होती.

ती थांबायला इतका वेळ लागला तो जमिनीपेक्षा माणसांमुळे. सीमा कुठे आखायची यावर पनमुनजोमच्या वाटाघाटींत बरंचसं जुळत आलं होतं, पण युद्धकैद्यांवर दीड वर्ष घोडं अडलं. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांचं काय करायचं? डिसेंबर 1952 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला भारताचा ठराव, ज्यामागे कृष्ण मेनन यांची खटपट होती, त्याने वाट दाखवली: तटस्थ देशांचा आयोग नेमा, कैदी त्याच्या ताब्यात द्या. 27 जुलै 1953 ला युद्धविराम झाला. आयोगावर स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष म्हणून भारत. अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळणाऱ्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. पाच हजारांहून जास्त जवान आणि 22 हजारांहून जास्त कैदी.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हे मुळीच मान्य नव्हतं. युद्धविरामाच्या आधीच, जूनमध्ये, त्यांनी 27 हजारांच्या आसपास कैदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणून इंचॉनच्या किनाऱ्यापासून जवानांना अमेरिकी विमानवाहू नौकेवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तात्यांचा तो पहिला हेलिकॉप्टर-प्रवास. “खाली बघायचं धाडस झालं नाय,” ते सांगत. पट्ट्यातल्या छावणीला नाव पडलं हिंदनगर.

तात्यांना सगळ्यांत जास्त आठवायचे ते ‘समजावणी’चे तंबू. कैद्याला एकेक करून आत आणायचं. समोर त्याच्या देशाचे अधिकारी, बाजूला पाच देशांचे प्रतिनिधी आणि दुभाषे. ‘घरी चला, काही होणार नाही,’ असं अधिकारी समजावणार. बाहेर पडायला दोन दारं: परत जायचं असेल तर एक, नसेल तर दुसरं. कैदी शिव्या देत, थुंकत, खुर्च्या उचलत. दोन्ही बाजूंनी जवान त्याचे दंड धरून उभे. तात्या सांगत, ओरडणाऱ्याच्या दंडालासुद्धा कापरं भरलेलं असायचं. हाताला कळायचं, तोंडाला नाही.

ही पद्धत नीट चालली असं म्हणता येणार नाही, आणि ते मला खुपतं. समजावणीसाठी 90 दिवस ठरले होते. जेमतेम 10 दिवस काम झालं. कैद्यांच्या आवारांवर त्यांच्याच पुढाऱ्यांचा वचक होता. आत गेलेल्या माणसाचा निर्णय त्याचा स्वतःचा की शेजारच्या बिछान्यावरच्या माणसाचा, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. थोरात मोजक्या माणसांनिशी स्वतः आवारात शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला दंगल उसळली तेव्हा गोळीबार झाला, काही कैदी मेले. आमच्या जवानांच्या हातून ताब्यातली माणसं मेली. हिंदनगरचं कौतुक करताना ही गोष्ट गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

मुदत संपली. या कैद्यांचं पुढे काय, हे ठरवणारी राजकीय परिषद भरलीच नाही. जानेवारी 1954 मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याच हवाली केले. चिन्यांपैकी बहुतेक तैवानला गेले. आयोगातल्या पाच देशांचंही आपसात एकमत राहिलं नव्हतं. तरीही युद्धविराम टिकला, आणि कैद्यांच्या प्रश्नावर पुन्हा तोफा सुरू झाल्या नाहीत. रोज उठून दंड धरणाऱ्या जवानांचा त्यात मोठा वाटा आहे, असं मी मानतो.

88 जणांनी मात्र दोन्ही दारं नाकारली. उत्तरेला नको, दक्षिणेला नको, तैवानलाही नको. ते आपल्या फौजेबरोबर बोटीने मद्रासला आले. पुढे बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. मी कॉलेजात असताना हा आकडा कुठेतरी वाचून तात्यांना सांगितला. ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हात थांबले.

“त्यांच्या आयांना कुणी कळवलं असंल का रं?”